एसी वाढवा की कमी करा?

आमच्या हापिसात "एसी वाढवा" या वाक्याचे दोन अर्थ होतात. अर्ध्या जनतेला त्यातून "गारवा वाढवा" असं म्हणायचं असतं आणि उरलेल्यांना "आकडा वाढवा", म्हणजे गारवा कमी करा. "एसी कमी करा"चीही तीच गत. सिक्युरिटीच्या काकांना हा फोन दिवसातून दहा वेळा येतो. त्यांनी त्यावर उपाय शोधून काढलाय. "हो साहेब, केला" म्हणायचं आणि काहीच करायचं नाही. पाच मिनिटांनी विचारलं तर बहुतेक जण सांगतात, हां, आता बरं वाटतंय :-)

हे मला कसं कळलं? तर मोजल्यामुळे. गेल्या वर्षी विजेचं बिल बघून वरच्या मंडळींचे डोळे पांढरे झाले आणि आमच्यासारख्या चार हौशी लोकांना सांगण्यात आलं की बाबांनो, तुम्ही आयटीवाले आहात, जरा बघा ही वीज जाते कुठे. हापिस महाप्याला एमआयडीसीत. चारी बाजूंनी काचा, एकही खिडकी उघडत नाही. म्हणजे नव्या मुंबईतल्या शंभर इमारतींसारखीच एक. आम्ही इमारतीच्या बीएमएसमधून (ही एसी, लिफ्ट, पंप वगैरेंवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) फायली उतरवून घेतल्या, मजल्याच्या डीबीतल्या वायरींना करंट मोजणारे क्लॅम्प लावून घेतले आणि काही शे रुपयांत मिळणारे ईएसपी-३२ घेऊन तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या डब्या बनवल्या. दुहेरी टेपने खांबांना चिकटवल्या. कॉलेजच्या दिवसांनंतर एवढी मजा आली नव्हती.

कार्बन डायऑक्साइड कशाला, असं विचाराल. कारण खोलीत माणसं किती आहेत याचा तो चांगला अंदाज देतो. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशे पीपीएमच्या आसपास असतो. आठ जण दार लावून मीटिंगला बसले की तासाभरात दीड हजाराच्या पुढे सहज जातो. (त्यानंतर मीटिंगमध्ये जे निर्णय होतात त्यांचं खापर मी आता हवेवर फोडतो.) शिवाय नुसता बसलेला माणूससुद्धा साधारण शंभर-सव्वाशे वॉट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे आठ माणसं म्हणजे एक छोटा हीटर. इमारतीच्या दृष्टीने आपण सगळे चालते-बोलते बल्ब आहोत.

आता माणसांमुळे विजेत किती फरक पडतो, हा काही नवा प्रश्न नाही. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठाच्या रॉबर्ट सोकोलो आणि मंडळींनी न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स नावाच्या वसाहतीत मीटर लावले. घरं एकसारखी, नकाशा तोच, भिंती त्याच, हवामान तेच. तरी एका घराला दुसऱ्याच्या दुप्पट इंधन लागत होतं. १९७८ मध्ये त्याच गटातल्या सॉन्डरेगर यांनी त्यातली गंमत दाखवली. ज्या घरांत राहणारी माणसं बदलली, त्या घरांच्या जुन्या वापरावरून नव्या वापराचा अंदाज बांधता येईना. खप घराचा नव्हता, माणसांचा होता. आपल्याकडे वेगळं काय आहे? वाशीला किंवा नेरूळला कुठल्याही सोसायटीत एकाच मजल्यावरच्या दोन वन बीएचकेंची बिलं शेजारी ठेवून बघा.

हे वाचून मी खूश झालो होतो. चला, म्हणजे दोषी कोण हे ठरलं. माणसं! आता फक्त कुठली, ते शोधायचं. हा लेख लिहायचं कारण म्हणजे माझी ही खुशी साफ चुकीची निघाली.

पहिला धक्का रविवारने दिला. रविवारी आमच्या मजल्यावर फार तर सहा-सात डोकी असतात. तरी विजेचा आलेख कामाच्या दिवसाच्या निम्म्याच्या आसपास रेंगाळत होता. आधी वाटलं क्लॅम्प उलटा बसलाय. मग शोधत गेलो. सर्व्हर रूम आणि तिचा एसी, यूपीएस, चहाचं मशीन, चालू राहिलेले मॉनिटर हे सगळं होतंच. पण मोठा घास एसीचा होता. कारण अख्ख्या मजल्याला हवा पुरवणारं एएचयू एकच. एक माणूस रिलीजसाठी आला आणि त्याने काकांना फोन केला की दीडशे खुर्च्यांचा मजला गार होतो. त्या एका मजल्यासाठी तळघरातला चिलर सुरू होतो, आणि एवढ्या कमी लोडवर चिलर धड चालतही नाही, वीज जास्त खातो.

ओ. टी. मासोसो आणि एल. जे. ग्रोब्लर यांनी बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या काही व्यापारी इमारती तपासून २०१० मध्ये एक निबंध लिहिला होता. त्यांना आढळलं की ५६ टक्के वीज कामाच्या वेळेबाहेर खर्च होते आणि कामाच्या वेळेत ४४ टक्के. माणसं जाताना दिवे आणि यंत्रं बंद करत नाहीत हे एक कारण, आणि इमारतीचे विभाग आणि कंट्रोल नीट पाडलेले नाहीत हे दुसरं. हा निबंध जिथे तिथे सांगितला जातो तो पहिल्या कारणासाठी. माझ्या मते दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आमच्या रविवारच्या त्या माणसाला त्याच्यापुरता एसी लावायचं बटणच नाही, तर तो बिचारा करणार काय? आलेखात मात्र तो "युजर बिहेवियर" म्हणून दिसतो.

दुसरी गोष्ट १६ अंशांची. बाहेरून घामाघूम होऊन आलं की रिमोट घ्यायचा आणि थेट १६ वर न्यायचं, म्हणजे लवकर गार होतं. होत नाही! साध्या एसीचा कॉम्प्रेसर चालू असतो किंवा बंद असतो. १६ वर ठेवा नाही तर २४ वर, तो त्याच जोराने गार करतो, फक्त १६ वर थांबायचं नाव घेत नाही. (इन्व्हर्टर एसीचं गणित थोडं वेगळं, पण खोली तापलेली असेल तर सुरुवातीला तोही पूर्ण जोरातच चालतो.) विलेट केम्प्टन या संशोधकाने १९८६ मध्ये अमेरिकन घरांतल्या हीटरबद्दल हेच लिहून ठेवलं. अनेकांच्या डोक्यात थर्मोस्टॅट म्हणजे नळ असतो, जास्त फिरवला की जास्त येणार. आणि का नसावा? आपली आख्खी पिढी पंख्याच्या रेग्युलेटरवर वाढली. तिथे पाचवर केला की वारा जास्तच येतो की!

सरकारने यावर तोडगा म्हणून १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेल्या घरगुती एसींना २४ अंशांची डिफॉल्ट सेटिंग सक्तीची केली. एसी चालू केला की आधी २४, पुढे तुमची मर्जी. एका अंशाने तापमान वाढवलं की सहा टक्के वीज वाचते, असा हिशोब ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये मांडला होता. जून २०२५ मध्ये ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी एसी २० ते २८ च्या मध्येच चालावेत अशी मर्यादा आणण्याचा विचार जाहीर केला, तेव्हा आमच्या कॅंटीनमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मला स्वतःला डिफॉल्टची कल्पना आवडते. फारसा कोणी बदलत नाही, कोणावर जबरदस्ती नाही, आणि कोणावर पाळतही नाही.

पण २४ म्हणजे तरी काय? इकडे ठाण्याची खाडी, तिकडे पारसिकचा डोंगर, मध्ये आपण. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात २६ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर माणूस हैराण होतो, आणि त्याच २६ अंशांत हवा कोरडी असेल, डोक्यावर पंखा असेल तर आरामात झोपतो. आमच्या बीएमएसला फक्त तापमान कळतं. तेही एका ठिकाणचं, जिथून हवा परत ओढली जाते तिथलं. आमच्या मजल्यावर ती जाळी नेमकी पॅंट्रीच्या बाहेर आहे. म्हणजे दुपारी चारला मायक्रोवेव्ह आणि समोशांच्या वाफेने जाळीला घाम फुटला की मधल्या रांगा गारठतात. तिथल्या लोकांनी वरच्या ग्रिलला पुठ्ठा लावला. पुठ्ठ्याने अडलेली हवा शेजारच्या ग्रिलमधून जास्त जोरात आली. मग तिथेही पुठ्ठा. आम्ही डब्या लावल्या तेव्हा एकाच मजल्यावर, एकाच वेळी २१ आणि २८ असे दोन्ही आकडे होते. शालीही होत्या आणि हातात वहीचा पंखाही होता.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग खुर्च्यांचे सेन्सर आले.

कल्पना अशी की कोण कुठे बसतं, किती वेळ बसतं हे कळलं तर रिकाम्या भागातले दिवे आणि हवा कमी करता येईल. त्यासाठी टेबलाखाली चिकटवायचे छोटे सेन्सर मिळतात, शरीराची ऊब आणि हालचाल टिपणारे. चाळीस टेबलांना लावले. (हेच तंत्र आमच्या टॉयलेटच्या दिव्यांना आहे. तिथे न हलता बसलं की अंधार होतो आणि हात हलवावे लागतात. म्हणजे सेन्सरने "कोणी नाही" म्हटलं तर खरंच कोणी नाही असं समजू नये. पण हा धडा आम्ही तिथेच ठेवून बाहेर आलो.) डॅशबोर्ड मी बनवला. हिरवा म्हणजे माणूस आहे, राखाडी म्हणजे नाही. दिसायला फार सुंदर होता, आणि डेमोमध्ये टाळ्याही मिळाल्या.

दोन आठवड्यांनी एका मॅनेजरने विचारलं, "यात टेबल नंबर आहे, मग नाव पण लावता येईल ना?" तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं त्याचं. सीटिंग चार्टची फाइल माझ्याकडे होती. एक जॉइन मारायचा. मी मारला. पाच मिनिटांचं काम होतं, आणि मी विचार केला तो तेवढाच.

पुढच्या सोमवारी सपोर्ट टीममधल्या एका मुलीला केबिनमध्ये बोलावलं. ती कॉन्ट्रॅक्टवर होती. तिचं टेबल रोज दुपारी साडेतीन ते पाच राखाडी दिसत होतं. महिनाभर, न चुकता. मला आलेख समजावून सांगायला बोलावलं होतं, म्हणून मीही तिथे. तिला विचारलं, "या वेळात तू कुठे असतेस?" ती आधी गोंधळली, मग म्हणाली, "सर, मी लॅपटॉप घेऊन आतल्या बाजूला बसते. माझ्या जागेवर ऊन येतं." तिचं टेबल पश्चिमेच्या काचेला लागून. खाडीवरून येणारं तिरपं ऊन साडेतीननंतर थेट स्क्रीनवर आणि मानेवर. ती तिथून उठून सर्व्हर रूमच्या भिंतीजवळ रिकाम्या टेबलावर बसायची आणि तिकिटं बंद करायची. तिची तिकिटं नंतर बघितली, एकही उशिरा नव्हतं.

त्याच काचेजवळ माझी एक डबी होती. २८ चा आकडा तिचाच. म्हणजे जे शोधायला हा सगळा खटाटोप मांडला होता (कुठे उकडतं, कधी, आणि माणसं त्यावर काय करतात) त्याचं उत्तर त्या राखाडी पट्ट्यात महिनाभर रोज लिहिलेलं होतं. ते तापमानाच्या आलेखाशेजारी ठेवलं असतं तर "पश्चिमेची काच तापते" असं वाचता आलं असतं. आम्ही ते नावाशेजारी ठेवलं आणि "ही जागेवर नसते" असं वाचलं. बरं, केबिनमध्ये मी हे सगळं लगेच बोललो असंही नाही. मी म्हटलं, "डेटात थोडी एरर असू शकते." डेटात काहीही एरर नव्हती.

तिला कोणी काही बोललं नाही, प्रकरण तिथेच मिटलं. पण त्यानंतर ती साडेतीनलाही जागेवरच बसायची, डोक्यावरून ओढणी घेऊन. टेबल हिरवं झालं. तीन महिन्यांनी ती दुसरीकडे गेली. तिच्या जाण्याचं कारण हेच असं मी म्हणणार नाही, मला विचारायचं धाडस झालं नाही.

असलं आमच्याकडेच घडतं असंही नाही. जानेवारी २०१६ मध्ये लंडनच्या डेली टेलिग्राफच्या पत्रकारांना एका सोमवारी सकाळी टेबलांखाली असेच डबे चिकटवलेले सापडले. व्यवस्थापनाने कारण सांगितलं, ऊर्जेची बचत. बोंबाबोंब झाली, पत्रकारांची युनियन मध्ये पडली आणि डबे त्याच दिवशी निघाले. ते पत्रकार होते, त्यांना ओरडता येतं. कॉन्ट्रॅक्टवरच्या सपोर्टवाल्याने कुठे ओरडायचं? आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा वाचायला घेतलात तर त्यात नोकरीच्या कारणासाठी संमतीवाचूनही माहिती वापरायला वाव ठेवलेला आहे. म्हणजे कायदा मध्ये पडेल या भरवशावर डॅशबोर्ड बनवू नये. अडवायचं तर जॉइन मारणाऱ्यानेच अडवायला हवं, आणि तो बहुतेक वेळा आपल्यासारखाच कोणीतरी असतो.

माझा एक मित्र याच धंद्यात आहे. त्याचं म्हणणं, तू भावनेच्या भरात बोलतोयस. प्रत्येक खुर्चीचा डेटा नसेल तर बारीक कंट्रोल करता येत नाही, आणि बचत बारीक कंट्रोलमध्येच असते. त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. जिथे प्रत्येक टेबलाला वेगळी हवा आणि वेगळा दिवा आहे तिथे मी तो मान्यही करीन. पण आमच्याकडे दीडशे खुर्च्यांना एक एएचयू! चाळीस खुर्च्यांचं बारीक ज्ञान घेऊन तुम्ही फिरवणार कोणतं बटण? जे बदलता येतं तेवढंच बारीक मोजावं. मजल्याचे चार भाग करता येत असतील तर चार आकडे पुरे, आणि ते कार्बन डायऑक्साइडवरून, कोणाचंही नाव न कळता, मिळतात.

आणि सेन्सरचं तोंड नेहमी खालच्या माणसाकडेच का? पुण्याच्या प्रयास संस्थेच्या ऊर्जा गटाने उलटं केलं. साध्या ग्राहकांच्या घरी, दुकानात व्होल्टेज नोंदवणारी यंत्रं बसवली आणि वीज किती तास येते, किती दाबाने येते हे सगळ्यांना बघता येईल असं मांडलं. इथे मोजला जात होता पुरवठा, आणि मोजत होता ग्राहक. २०१३ मध्ये दिल्लीच्या ट्रिपल आयटीच्या मुलांनी एका घरात ३३ सेन्सर ७३ दिवस लावले, तर त्यांनाही परदेशी निबंधांत न सापडणारी गोष्ट सापडली: आपल्याकडे वीज जाते आणि व्होल्टेज नाचतं, त्यामुळे घरातल्या माणसाच्या "सवयी" बघण्याआधी ते बघावं लागतं. खाडीपलीकडे पवईला आयआयटीतल्या प्रा. कृती रामामृतम यांच्या गटाने कॅंपसमधल्या वर्गांना आणि निवासी इमारतीला मीटर लावून बरंच काम केलं आहे. ज्यांना हौस आहे त्यांनी ते जरूर वाचावं.

मला सगळ्यात पटलं ते मात्र अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचं काम. त्यांनी अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि शिमला इथल्या १६ हापिसांमध्ये जाऊन यंत्रांनी हवा मोजली, आणि त्याच क्षणी तिथे बसलेल्या माणसाला विचारलं की तुला कसं वाटतंय? अशी ६३३० उत्तरं. त्यातून २०१४ मध्ये भारतासाठी वेगळं मॉडेल तयार झालं आणि २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत ते गेलंही. निष्कर्ष असा की बाहेरच्या हवेशी जुळवून घ्यायची सोय असेल, खिडकी उघडता येत असेल, पंखा लावता येत असेल, तर आपली माणसं परदेशी मानकांपेक्षा बरंच जास्त तापमान आनंदाने चालवून घेतात. यात विचारणं आहे, हे लक्षात घ्या. आम्ही एवढ्या डब्या लावल्या आणि एकदाही मजल्यावर फिरून कोणाला विचारलं नाही. त्या मुलीला विचारलं ते केबिनमध्ये बोलावून.

सध्याची स्थिती सांगतो. टेबलांखालचे सेन्सर मी काढायला लावले. "बॅटरी संपत आल्या होत्या" हे कारण दिलं, कारण तेच लवकर मंजूर होतं. नावांची ती टेबल उडवली, बॅकअपमधूनसुद्धा. खांबांवरच्या डब्या आहेत. त्यांचे आकडे पॅंट्रीजवळच्या स्क्रीनवर सगळ्यांना दिसतात आणि खाली "उकडतंय / बरं आहे / गारठलोय" अशी तीन बटणं आहेत, बिननावाची. पहिल्या आठवड्यात कोणीतरी "गारठलोय" चौऱ्याऐंशी वेळा दाबलं. चालायचंच. परतीच्या हवेचा सेन्सर पॅंट्रीपासून हलवून घेतला, त्याने मात्र फरक पडलेला डोळ्यांना दिसतो. पुठ्ठे आपोआप कमी झाले.

राहिलं पश्चिमेच्या काचेवर फिल्म लावणं, आणि रविवारी येणाऱ्यांसाठी एका मीटिंग रूममध्ये वेगळा स्प्लिट एसी आणि एक पंखा. त्यासाठी अर्ज केलाय, सोबत सहा महिन्यांचे आलेख जोडलेत. खुर्च्यांचे सेन्सर एका मेलवर चार दिवसांत आले होते. पंख्याची फाइल एप्रिलपासून ॲडमिनकडे आहे.